ऑक्ताव्हरावांची बाजू

गजभिये जेवायला येणार असले, की माझी बायको टेबलावरची मीठदाणी आणि लिंबं आधी उचलून ठेवते. मीठदाणी दिसली की तिचा ऑक्ताव्ह होतो, लिंबाचा चेंडू होतो, आमटीचं पातेलं गोलकीपर होतं, आणि पुढचा अर्धा तास कोणाच्याही पानात आमटी पडत नाही. आमची मुलगी त्यांना 'झाल्त्स-ओंकेल' म्हणते, म्हणजे मिठाचे काका. तिला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमधून येतं. गजभिये अठरा वर्षं जर्मनीत राहून 'जा, गेनाऊ', म्हणजे 'हो, बरोबर', याच्या पुढे सरकलेले नाहीत. त्यामुळे दोघांचं उत्तम जमतं.

प्रभाकर गजभिये मूळचे नागपूरचे. इथे नेकारसुल्ममध्ये आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहेत. एखादा भाग तुटला, की पाच वेळा 'का?' विचारून मूळ कारण शोधायचं आणि आठ टप्प्यांचा अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. बाकीचे लोक काम ऑफिसात ठेवून घरी येतात. गजभिये ते आमच्या घरी घेऊन येतात.

गेल्या दिवाळीत इथल्या मराठी मंडळाच्या फराळात चिवडा सादळला. सगळे तो करणाऱ्या जोशीकाकूंवर घसरले. गजभियांनी भर सभागृहात पाच 'का' विचारले आणि डब्याचं झाकण वाकडं असल्याचं सिद्ध केलं. "काकूंची काही चूक नाही. डबा मंडळाचा आहे," असं त्यांनी जाहीर केलं. तोवर ज्यांना चिवड्याचं काही माहीत नव्हतं, त्यांनाही ते कळलं. काकू अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

आता ऑक्ताव्ह. ऑक्ताव्ह बेर्नुशाँ हा फ्रान्समधला, अगदी सुरुवातीच्या काळातला फुटबॉलपटू. बचावफळीत खेळायचा. तुम्ही नाव ऐकलं नसेल तर लाजू नका, फ्रान्सनेही ऐकलेलं नाही. सबंध कारकीर्द तीन सामन्यांची. पहिला हरले, दुसरा हरले, आणि तिसऱ्यात चेंडू ऑक्ताव्हच्या गुडघ्याला लागून त्याच्याच गोलात गेला. चौथ्याला कोणी बोलावलं नाही. आमच्याकडे एवढ्या भांडवलावर लोक आत्मचरित्र लिहितात. या बिचाऱ्याला तेही सुचलं नाही.

गजभियांना तो सापडला स्टुटगार्टच्या जुन्या बाजारात. आईवडिलांच्या फोटोसाठी त्यांनी एक जुनी फ्रेम आणली. तिच्या पाठीला लावलेला कागद फ्रेंच वर्तमानपत्राचा निघाला. त्यात त्या सामन्याची बातमी होती आणि शेवटची ओळ होती, 'पराभवाचं कारण बेर्नुशाँ.' ती ओळ ऑफिसातल्या कोणाकडून तरी समजून घेतली, त्या दिवसापासून गजभियांचं डोकं फिरलं.

"एका ओळीत फाईल बंद करून टाकली नं, लिमयेजी! माणसाची चूक हे कधी मूळ कारण असते का? ते घाईतल्या माणसाचं उत्तर असते."

मग या गृहस्थाने, ज्याला बेकरीत पाव मागताना बोट दाखवावं लागतं, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन फ्रेंच शिकून घेतलं. फ्रान्समधल्या ग्रंथालयांना, क्लबांना, नगरपालिकांना पत्रं धाडली. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकाने मैदानाचा पुसट फोटो पाठवला. त्यावरून आणि त्या बातमीवरून यांनी सिद्ध केलं, की मैदान गोलकडे उतरतं होतं, गोलासमोर चिखल होता, आणि गोलकीपर हाक न देता पुढे आला होता. ऑक्ताव्हराव निर्दोष! बातमी ऐकायला ऑक्ताव्हराव नव्हते, एवढंच.

यंदा गजभिये निवृत्त होऊन कायमचे नागपूरला चाललेत. जाण्याआधी मंडळाच्या दिवाळीत त्यांना दहा मिनिटं हवी होती. "चारचौघांत त्याचं नाव साफ झालं पाहिजे," म्हणाले. मी मंडळाचा सांस्कृतिक सचिव. समितीसमोर विषय ठेवला, तर सगळे पोट धरधरून हसले. शेवटी पानं मांडली जात असताना तीन मिनिटं, तीही मीठदाणीशिवाय, असं ठरलं. हे सांगायला शनिवारी दुपारी मी वर गेलो.

खोल्यांमध्ये खोकी भरून ठेवलेली होती. टेबलावर तेवढा ऑक्ताव्हचा अहवाल होता, चांगला चाळीस पानांचा. मी चाळला. सगळा मराठीत.

मला राहवलं नाही. म्हटलं, आज यांचंच औषध यांना देऊ.

"फ्रेंच माणसावरचा अहवाल मराठीत का?"

"सवय व्हावी म्हणून."

"मराठीत लिहिण्याची सवय का हवी?"

"एक अजून लिहायचा होता नं."

"तो मराठीत का?"

गजभिये म्हणाले, "पहिला इंग्रजीत होता. सुखदेवला तो वाचता आला नाही."

"त्याला कशाला वाचायला हवा होता?"

"त्याच्यावरच होता."

इकडे येण्याआधी ते नागपूरजवळच्या एका कारखान्यात होते. सुखदेव तिथे वेल्डर होता. एक जोड तुटला, आणि ग्राहकाला संध्याकाळपर्यंत कारण हवं होतं. गजभियांनी लिहिलं, 'कामगाराची चूक.' सुखदेवला म्हणाले, सही कर. साहेबांनी लिहिलंय म्हणून त्याने केली. त्याची नोकरी गेली. दोन महिन्यांनी यांना कळलं, की वेल्डिंग करताना भाग धरून ठेवणारी पकडच झिजलेली होती, भाग जागेवरून हलत होता. वरच्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, फाईल बंद झाली आहे.

"मग मले इकडची नोकरी लागली," गजभिये म्हणाले. "मी निघून आलो."

त्यांनी खोक्यातून एक पातळ फाईल काढली. दोन पानं, तेच आठ टप्पे, सोपं मराठी. मूळ कारणाच्या रकान्यात पकड. त्याखाली वेगळ्या ओळीत, 'चुकीचा अहवाल लिहिणारा : प्रभाकर गजभिये.'

"ऑक्ताव्हवर हात बसवून घेतला. त्याचं काही बिघडणार नव्हतं. सुखदेवचा पत्ता आहे माझ्यापाशी. पहिल्यापासून होता."

पाचवा 'का' माझ्या तोंडात होता. इतकी वर्षं का थांबलात? तो मी विचारला नाही. उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"तुम्ही काही सांगायला आले होते नं?" त्यांनी विचारलं.

"हो. दिवाळीत तुम्हाला पंधरा मिनिटं दिली आहेत. मीठदाणी मंडळाची."

"पंधरा? मी तं दहाच मागितली होती."

"समितीचा फारच आग्रह होता," मी म्हणालो आणि जिना उतरलो. उद्या समिती विचारेल, तीन मिनिटांची पंधरा कशी झाली. सचिवाची चूक, म्हणून सांगणार आहे. गजभियांना हे मूळ कारण मुळीच पटणार नाही.