पिवळी गोळी

सुभानरावांच्या तळहातावर दोन गोळ्या होत्या. पांढरी रक्तदाबाची, रोजची. पिवळी गुडघ्याची, कालच हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली. दोन्ही एकत्र चालतात का, हे विचारायचं राहून गेलं होतं. असलं सगळं पत्नी येसूबाई विचारायच्या. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते.

रविवारी पादरा गावी नातीचा, मितालीचा साखरपुडा होता आणि हॉल दुसऱ्या मजल्यावर. गुडघा बरा व्हायलाच हवा होता. पाणीगेटचा औषधवाला म्हणाला, डॉक्टरांना विचारा. हाडांचे डॉक्टर म्हणाले, रक्तदाबाच्या डॉक्टरांना विचारा. ते शनिवारपर्यंत बाहेरगावी.

मग त्यांना अकोट्याचे पिलाजीराव आठवले. शाळेपासूनचे मित्र. त्यांचा रक्तदाब, गुडघा, डॉक्टर, गोळ्या, सगळं तेच. सुभानरावांनी फोन लावला.

"पिलाजी, दोन्ही घेतल्यास?"

"घेतल्या की. तू?"

"मीपण," सुभानराव बोलून गेले. दोघांचेही पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. नाही कसं म्हणणार?

"तुला काही होतंय?" सुभानरावांनी विचारलं.

"छे, एकदम मजामां."

तरी एका दिवसात काय कळणार, म्हणून सुभानरावांनी फक्त पांढरी घेतली आणि उद्या पुन्हा विचारायचं ठरवलं. पण पिलाजीरावच रोज चारचारदा फोन करून यांची तब्येत विचारू लागले.

शुक्रवारी सुभानरावांचा फोन बंद पडला. शेजारून पिलाजीरावांच्या घरी लावला, तर पलीकडे कुणी उचलेना. आपण खोटं बोललो, त्यावर विसंबून पिलाजीनं गोळ्या घेतल्या असतील तर? लंगडत रिक्षा गाठली. अकोट्याच्या घराला कुलूप होतं. तसेच परतले, तर स्वतःच्याच पायरीवर पिलाजीराव घामाघूम बसलेले.

"जिवंत आहेस होय," ते म्हणाले. "फोन लागेना. म्हटलं, माझ्या नादानं गेला हा."

त्यांनी खिशातून पिवळ्या गोळ्यांचं पाकीट काढलं. दहाच्या दहा शाबूत. सुभानरावांनीही आपलं आणलं. तेही तसंच.

"भित्रा कुठला," पिलाजीराव म्हणाले.

शनिवारी डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं पाहिली. "पिवळीनं रक्तदाब चढला असता, काका. घेतली नाहीत ते फार बरं केलंत. कुणी सांगितलं?"

दोघंही छताकडे पाहू लागले. डॉक्टरांनी लावायला मलम दिलं.

रविवारी दोघं साखरपुड्याच्या हॉलच्या जिन्याशी उभे राहिले. वर सनई वाजत होती.

"हो पुढे. मी बघतो तुला काही होतंय का," पिलाजीराव म्हणाले.

सुभानरावांनी त्यांचा दंड पकडला. "ते झालं चार दिवस. चल आता."

मिताली वरून वाकून पाहत होती. दोघं एकदम पहिली पायरी चढले.