सामंतकाका उभे राहतात

हॉटेलात पहिला घास तोंडात गेला की सामंतकाका उभे राहतात.

खुर्ची मागे सरते, शर्ट खाली ओढला जातो, दोन्ही हात पाठीमागे जातात आणि डोळे मिटतात. मग जबडा सावकाश हलू लागतो. जपानात माणसं घसा खाकरतानासुद्धा आधी आजूबाजूला बघून घेतात. तिथे साठीकडे झुकलेला, ताडमाड उंच, टक्कल पडलेला एक मालवणी माणूस भर जेवणात असा उठून उभा राहिला की शेजारच्या टेबलांना पहिली शंका येते भूकंपाची आणि दुसरी घशात घास अडकल्याची. एकदा एक वेट्रेस खरोखरच त्यांच्या पाठीत बुक्के मारायला धावली होती.

"काका, बसा ना हो," मी दर वेळी म्हणते.

"बसून चव कळत नाही, मुग्धा. ते लोक बसतात का कधी?"

ते लोक म्हणजे ब्रिटनमधल्या टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धांचे परीक्षक. कुठलीकुठली वर्गणी भरून काका त्या स्पर्धा घरी बघतात. परीक्षक उभ्याने चाखतात म्हणून काका उभ्याने चाखतात. परीक्षक हरलेल्याला घरी पाठवतात, तशी काका हॉटेलं घरी पाठवतात. एखादं हॉटेल नापास झालं की दारातून बाहेर पडता पडता निकाल लागतो, "हे घरी गेलं." त्यानंतर तिथे पाऊल टाकायचं नाही. आम्ही तोक्योतल्या फुनाबोरीत राहायला आलो तेव्हा आसपास भारतीय हॉटेलांची चंगळ होती. आता आमच्यापुरती दोनच उरलीत. एक जरा बरं आहे आणि दुसऱ्याचं नाव काका विसरलेत.

सामंतकाका आमच्याच मजल्यावर राहतात. मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीच्या तोक्यो ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहेत. ऑफिसात ते सामंत-सान, बिल्डिंगमधल्या मराठी घरांत सामंतकाका. आम्ही यायच्या आधीच काकू गेल्या होत्या. काका एकटेच असतात म्हणून मी आणि माझा नवरा निखिल त्यांच्याबरोबर रविवारी जेवायला जाऊ लागलो. खरं तर आम्ही त्यांना नेतो असं आम्हाला वाटायचं. मला नेण्यामागे काकांचा हेतू वेगळा होता. मी एका आयटी कंपनीत दुभाषी आहे, आणि काकांना आपलं मत शेफपर्यंत पोचवायचं असायचं.

"सांग त्याला, सूप पोकळ आहे. वरून नुसता आव, आत काही नाही."

मी शेफकडे वळून जपानीत सांगायची, "हे म्हणतायत, सूप फार सुरेख झालंय."

शेफ कमरेत वाकायचा. काका समाधानाने मान हलवायचे. "बघितलंस? चूक कबूल करतात. आपल्याकडे असता तर पळी घेऊन अंगावर आला असता."

स्टेशनजवळच्या एका रामेनवाल्या म्हाताऱ्याचं तर त्यांनी वर्षभर वाभाडे काढले आणि मी वर्षभर त्याचं कौतुक केलं. बिचारा इतका सुखावला की काकांच्या नूडल्सच्या वाडग्यात आपणहून जास्तीचं अंडं घालू लागला. "सुधारतोय," काका मला हळूच म्हणाले.

त्यांचा खरा राग मिठावर. मीठ कमी असलं की सगळी ब्रिटिश शिस्त गळून पडायची आणि आतला मालवणी बाहेर यायचा. "मिठाक भियालो मेलो!" मीठ जास्त झालेलं त्यांना चालायचं. जास्त घालणारा निदान घाबरलेला नसतो, असं त्यांचं म्हणणं.

एवढा खवय्या घरी काय करून खात असेल, याची मला फार उत्सुकता होती. इथे कचरा वेगवेगळा करून पारदर्शक पिशव्यांतून ठेवावा लागतो, त्यामुळे कोण काय खातं ते बिल्डिंगपासून लपत नाही. प्लॅस्टिकच्या दिवशी सकाळी काकांची पिशवी बघितली आणि मला गलबलून आलं. आत नुसते कोनबिनीतल्या तयार जेवणाचे रिकामे डबे, नीट धुऊन एकात एक बसवलेले. कोनबिनी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं चोवीस तास उघडं दुकान. सकाळी अंड्याचं सँडविच, रात्री थंड भाताचा गोळा. सगळ्या हॉटेलांना घरी पाठवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरी मिठाचा डबासुद्धा नव्हता. मी एकदा मागायला गेले होते, तेव्हा कळलं.

मी डबा द्यायला लागले. दोनदा घेतला. तिसऱ्यांदा दारातच म्हणाले, "नको गं. हॉटेलातल्याला नावं ठेवता येतात. घरातल्याला ठेवली की महाग पडतं."

मला वाटलं, माझी भाजी आवडली नसणार.

मग एका संध्याकाळी त्यांनी आम्हाला टीव्ही बघायला बोलावलं. याआधी कधी बोलावलं नव्हतं. गेलो तर काका इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून, सोफ्याच्या कडेवर बसलेले. टीपॉयवर पाण्याचे तीन ग्लास. निखिल काही बोलायला गेला तर त्याला हातानेच गप्प केलं.

या स्पर्धेत हॉटेलांत काम करणारे शेफ उतरले होते. पहिला एक दाढीवाला आला, मग एक घामाघूम झालेला पोरगा. तिसरी आली ती आपल्यातली दिसणारी मुलगी. तिशीतली, केस घट्ट बांधलेले, मनगटावर भाजल्याचा जुना डाग. पडद्यावर नाव आलं, केतकी. ती बांगड्याचं तिखलं करणार होती, तिरफळं घालून. मी निखिलला कोपरानं ढोसलं. ब्रिटनच्या टीव्हीवर तिरफळं!

निवेदक तिच्या ओट्याशी आला. कुणी शिकवलं, म्हणाला. ती म्हणाली, आईनं. आणि वडील? तुम्ही शेफ झालात याचा त्यांना अभिमान असेल ना?

मुलगी हातातली सुरी न थांबवता हसून म्हणाली, "वडील वारले माझे." हे इंग्रजीतच म्हणाली. निवेदकाचा चेहरा पडला, त्याने दिलगिरी व्यक्त केली. ती म्हणाली, असू द्या, पुष्कळ वर्षं झाली.

काकांनी पाण्याचा ग्लास उचलला. तिखलं परीक्षकांपुढे गेलं. त्यांच्यातल्या एका जाड्याने चमचा तोंडात घातला, तशी काकांनी ग्लास खाली ठेवला आणि ते टीव्हीसमोर उभे राहिले. हात पाठीमागे. परीक्षकाचा जबडा हलत होता, काकांचाही. मग परीक्षकाच्या भुवया वर गेल्या.

"आवडलं," काका म्हणाले. "आवडलं त्याला."

"काका, ओळखीची आहे का हो?" मी विचारलं.

"मुलगी माझी," ते म्हणाले.

निखिलने रिमोट उचलून आवाज बंद केला. पडद्यावर माणसं मुक्यानं तोंडं हलवत राहिली. काका उभ्याउभ्याच सांगू लागले.

केतकी त्यांची एकुलती एक. इंजिनिअर झाली, नोकरीला लागली, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, मला इंग्लंडला जाऊन स्वयंपाक शिकायचाय. "मी म्हटलं, चार पिढ्यांत कुणी एवढं शिकलं नाही, तू पहिली इंजिनिअर झालीस ती आचारी व्हायला? परक्यांची खरकटी काढायला? ती म्हणाली, हो. मग मी म्हटलं, जायचं तर जा, पण मी मेलो समज." काकांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "आज्ञाधारक आहे गं. एकदाच सांगितलं, अजून पाळतेय."

ते हसले. आम्हाला दोघांनाही हसता आलं नाही.

केतकी गेली. पाठोपाठ काकांनी तोक्योची बदली मागून घेतली, कारण मुंबईत जो तो मुलीची चौकशी करायचा. काकू चोरून फोनवर बोलायच्या. काकांना ते माहीत होतं. बोलणं चालू असलं की ते मुद्दाम खाली फिरायला जायचे. मग काकू आजारी पडल्या. शेवटी शेवटी त्यांना केतकीच्या हातचं काहीतरी खावंसं वाटत होतं. "मी फोन करीन म्हणालो. उद्या करीन म्हणालो. उद्या काही उजाडला नाही."

केतकी पोचली ती थेट दहनाच्या वेळी. इथली रीत अशी की दहनानंतर नातेवाइकांनी दोघादोघांनी मिळून चॉपस्टिक्सनी अस्थी उचलायच्या आणि कलशात ठेवायच्या. एकाने एका बाजूने धरायचं, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने. नातेवाईक दोघेच होते.

"मला ती चॉपस्टिक धड धरता येत नाही," काका म्हणाले. "एवढी वर्षं इथे आहे, तरी काट्याचमच्यानंच जेवतो. माझ्या बाजूनं अस्थी निसटत होती. तिनं तिच्या बाजूनं घट्ट धरलं. एकही सांडू दिली नाही. कलश भरेपर्यंत ना ती बोलली ना मी. मग ती विमानतळावर गेली."

त्यानंतर ते या स्पर्धा बघायला लागले होते. ज्याच्यासाठी पोरगी गेली ते नेमकं असतं काय, हे तरी बघावं म्हणून. बघता बघता त्यांना कळलं की ही माणसं पहाटे उठतात, हात भाजून घेतात, एका वाटणासाठी रडतात. "मला वाटायचं, आचारी म्हणजे काय, फोडणी घातली की झालं."

पुढचे काही आठवडे आम्ही तिघांनी श्वास रोखून ती स्पर्धा बघितली. केतकी उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि तिथे तिचा मासा जास्त शिजला. निखिल परीक्षकांना शिव्या घालायला लागला, तर काका त्याच्यावरच खेकसले. "योग्य निर्णय आहे. मासा कोरडा होता, तो चिरताना दिसत होता." मग टीव्ही बंद करून म्हणाले, "रडली नाही, बघितलंत? तिची आई रडली असती."

त्या रविवारी जेवायला जाऊ या का विचारायला गेले, तर दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. रामेनवाला म्हातारा मला रस्त्यात थांबवून विचारत होता, ते उंच गृहस्थ बरे आहेत ना?

वर्षभराने केतकीने इंग्लंडच्या उत्तरेकडे, समुद्रकाठच्या एका गावात स्वतःचं छोटंसं हॉटेल काढलं. काकांना ते इंटरनेटवर दिसलं. ते माझ्याकडे फोन घेऊन आले. टेबल राखून ठेवायचं होतं आणि ते त्यांना जमत नव्हतं. जमत असणार. बटण दाबवत नव्हतं.

"किती जणांसाठी?" मी विचारलं.

"एक."

"नाव काय घालू?"

काकांनी पुष्कळ विचार केला. "तुझं घाल," म्हणाले.

ते गेले आणि आठवडा उलटायच्या आत परतले. मी दोन दिवस वाट बघितली, मग न राहवून त्यांच्या दारावर गेले. काका स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले होते. अंगावर अजून प्रवासातलाच स्वेटर होता, दाढी वाढलेली.

"भेटली?"

"जेवलो," ते म्हणाले.

"कसं होतं?"

एखाद्या जेवणाबद्दल काकांकडे मत नाही, असं मी पहिल्यांदाच बघत होते. मग प्रवासाचंच सांगायला लागले. विमानात बारा-चौदा तास एकच वाक्य घोकत होते. काय ते मात्र सांगितलं नाही. हॉटेल लहान, सात-आठ टेबलं. त्यांना कोपऱ्यातलं दिलं. जे आलं ते खाली मान घालून खाल्लं. जेवणं आटोपत आल्यावर शेफ बाहेर येऊन टेबलाटेबलाशी बोलते, तशी केतकी बाहेर आली. एकेक टेबल करत त्यांच्याशी आली आणि थांबली.

"ओळखलं तिनं?"

"ओळखलं. हातातलं फडकं खाली ठेवलं, परत उचललं. मग इंग्रजीत म्हणाली, सर, जेवण ठीक होतं ना? मीही इंग्रजीतच म्हटलं, फार छान होतं, थँक यू. घोकलेलं सगळं गेलं कुठल्या कुठे. मग ती म्हणाली, कॉफी आणू?"

"तुम्ही तर कॉफी पीत नाही. पित्त होतं ना तुम्हाला?"

"आण म्हटलं. नाही म्हटलं असतं तर बिल आलं असतं, आणि उठावं लागलं असतं."

तिने स्वतः कॉफी आणून दिली आणि आत गेली. काका ती कडू कॉफी घोट घोट घेत बसले. लोक उठून जाऊ लागले. कप रिकामा झाला तेव्हा ती पुन्हा आली, इंग्रजीतच विचारलं, आणखी एक? काका हो म्हणाले.

खाली रस्त्यावरून शाळेतली मुलं जपानीत काहीतरी ओरडत गेली.

"काही बोललीच नाही का हो ती?" मी विचारलं.

"दुसरा कप ठेवला ना, तेव्हा बोलली." काकांनी चष्मा काढून स्वेटरच्या टोकानं पुसला. "साखर घालू? असं म्हणाली. मराठीत."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मान हलवली. तिनं दोन चमचे घातले, ढवळून दिली, आणि पुढच्या टेबलाकडे गेली."