एन्टर दाबायला माणूस हवा

आमचे शेजारी नाना सुरतच्या गोडादऱ्यात आमच्याच बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि तापीला पूर येईल म्हणून कॉम्प्युटरचा डबा कपाटावर ठेवतात. पाणी तिथवर चढलं तर सगळी सुरत बुडालेली असेल आणि नाना वर पत्ते खेळत बसलेले असतील. कॉम्प्युटरवर ते पत्तेच खेळतात.

डबा त्यांच्या मुलाच्या कॉलेजच्या काळातला. मुलगा पुण्याला गेला, डबा राहिला. नानांनी त्यात लिनक्स नावाची फुकटातली सिस्टीम घातली, मोठी डिस्क बसवली. पण एवढ्या मोठ्या डिस्कवरून सुरू होणं त्या म्हाताऱ्या यंत्राला झेपत नाही. आधी सीडी लावायची, तिने वाट दाखवली की पुढचं डिस्क बघते. त्यात सीडीचा ट्रे सारखा जीभ बाहेर काढतो. म्हणून नाना स्टुलावर चढून ट्रे दाबून धरणार आणि खाली एन्टर दाबायला मी.

रोज संध्याकाळी जिन्यातून हाक येते, "ओ भाऊ! ये रे, एन्टर दाबाले!"

"जा, ड्यूटी लागली," बायको म्हणते.

नवीन घ्या म्हटलं की नाना उखडतात. "मशीन म्हातारं व्हयनं, मरनं नही! तू म्हातारा व्हशी तवय तुले बी भंगारमा टाकूत का?"

एन्टर दाबूनही सुटका नसते. चहा, शेव, मुलाच्या लहानपणीचे किस्से. पत्ता चुकला की शिव्या मला.

शेवटी वैतागून मी धड चालणारा सीडी ड्राइव्ह आणून बसवला. एन्टरशिवाय सगळं आपोआप सुरू होईल असंही करून दिलं. "घ्या नाना, आता कुणाची गरज नाही."

"बरं," नाना म्हणाले. चहाचं विचारलं नाही.

मग हाक बंद झाली. मी संध्याकाळी उगाच टीव्हीचे चॅनेल बदलत बसायचो. खरं सांगतो, करमत नव्हतं.

आणि एके दिवशी जिना दणाणला, "ओ भाऊ!"

मी चपला न घालताच वर गेलो. नाना स्टुलावर, हाताखाली तोच जुना ट्रे. नवा ड्राइव्ह पिशवीत गुंडाळून टीव्हीमागे सारलेला.

"नवं बिघडनं," माझ्याकडे न बघता नाना म्हणाले. "भलतं नाजूक व्हतं."

स्क्रीन एन्टरची वाट बघत होता. आपोआप सुरू व्हायची माझी सोयही कुणीतरी काढून टाकली होती. टेबलावर दोन बशा शेव होती.

"दाब ना भो, हात दुखी ऱ्हायना!"

मी आधी खुर्ची ओढून नीट बसलो. मग एन्टर दाबला.