फळ्यावरचं दहावं नाव

नृसिंह देशिंगकरने फळ्यावर दहावं नाव लिहिलं, खडू ठेवला आणि दोन पावलं मागे सरून आपलं अक्षर न्याहाळलं. अक्षर सुरेख होतं. त्याला त्याचा अभिमान होता, आणि त्या अक्षरात दुसऱ्यांची नावं लिहिताना तो अभिमान जरा जास्तच फुलायचा.

फळ्याची हकीकत अशी. मंगळवार पेठेत हंबीररावांच्या पिठाच्या गिरणीवर, एका खोलीत नृसिंहचं टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस होतं. जुलै उजाडला की रिटर्न भरायची मुदत तोंडावर यायची आणि लोक कागद काही आणून द्यायचे नाहीत. फोन केला की "उद्या येतोय की" म्हणायचे, आणि कोल्हापुरातलं हे 'उद्या' किती लांबचं असतं ते नृसिंहला चांगलं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी त्याने वैतागून जिन्याच्या तोंडाशी फळा उभा केला, वर 'कागद न आलेले' असं लिहिलं आणि खाली नावं टाकली. दोन दिवसांत निम्मी मंडळी पिशव्या घेऊन जिना चढून आली. कागद दिले की ज्याने त्याने आपलं नाव डस्टरने पुसायचं, असा नियम पडला.

फळ्याची खरी ताकद मात्र अक्षरात नव्हती, हंबीररावांच्या गळ्यात होती. तीस वर्षं गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलल्यामुळे त्यांना हळू बोलणं जमतच नसे. दळणाला आलेल्या प्रत्येकाला ते फळा वाचून दाखवत. त्यांचे स्वतःचे कागद दर वर्षी सगळ्यांच्या शेवटी येत, पण जिन्याखालची जागा त्यांची असल्यामुळे त्यांचं नाव फळ्यावर कधी चढलं नव्हतं. या विषयावर दोघांपैकी कुणीही कधी बोललं नव्हतं.

"सर, ते दहावं नाव पुसा," मागून मनाली म्हणाली. नृसिंह सोडला तर ऑफिसात ती एकटीच होती, आणि गेली सहा वर्षं ऑफिस खरं तर तीच चालवत होती.

"का?"

"आक्काताईंचे कागद न्हाय आले असं हुईल कसं? जूनमध्येच येत्यात त्यांचे, सगळ्यांच्या आधी."

"वहीत नोंद आहे?"

"न्हाय. पन..."

"मग नाही आले. नियम सगळ्यांना सारखा." हे म्हणताना त्याने गिरणीकडे बघायचं टाळलं.

आक्काताई धनवडे म्हणजे पेठेतल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या पेठेला त्यांनी पाढे शिकवले होते, नृसिंहलाही. चौथीत त्यांनी त्याला मॉनिटर केलं होतं. गृहपाठ न आणणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची पद्धत मुळात त्यांचीच. नृसिंहने ती तिथूनच उचलली होती, फक्त तिचा अर्धा भाग तो सोयीने विसरला होता. तो अर्धा भाग कोणता, ते त्याला त्याच दिवशी आठवणार होतं.

दहा वाजता हंबीररावांनी फळा वाचला. "काय जमाना आला बघा. आक्काताईंनी बी कागद दिलं न्हाईत." साडेदहाला पीठ घेऊन घरी गेलेल्या बाईने शेजारणीला सांगितलं की आक्काताईंनी कागद द्यायला नकार दिला. अकराला ते कागद दाखवण्यासारखे नव्हते असं झालं. साडेबाराला ऑफिसचा फोन वाजला. आक्काताईंची मुलगी निशा इचलकरंजीहून बोलत होती.

"सर, आईच्या घरावर धाड पडलीया म्हणं. किती गाड्या आल्यात?"

"अहो, कसली धाड? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माझ्या नणंदेच्या जावेनं. ती तुमच्या खालीच दळाय टाकत्या. आन् आई फोन उचलंना झाल्या."

नृसिंहने तिची कशीबशी समजूत घातली. फोन ठेवला. खाली जाऊन गुपचूप नाव पुसून यावं म्हणून तो उठला, तोवर जिन्यावर पावलं वाजली. ती पावलं त्याने चौथीत वर्षभर ऐकली होती.

आक्काताई दारात आल्या. हातात घडी घातलेली छत्री, अंगावर इस्त्रीची साडी. मनाली उठून उभी राहिली. नृसिंह आधीच उभा होता, तरी आणखी थोडा उभा राहिला.

"नृसिंह, माझं नाव फळ्यावर कशापायी हाय?"

"बाई, कागद आले नाहीत म्हणून."

"अठरा जूनला, बुधवारी, साडेअकराला मी कागद दिलेत. तुझ्या हातात. तू खाली फळा लावत होतास. ही पोरगी नव्हती."

"मी जयसिंगपूरला गेलतो त्या दिवशी," मनाली हळूच म्हणाली. "मावशीच्या पोरीचं लगीन होतं."

वहीत नोंद मनाली करायची. मनाली नसली की नोंदही नसायची. हे नृसिंहच्या आत्ता ध्यानात आलं. तो कपाटात शिरला. रॅक उपसला, प्रिंटर हलवला, टेबलाचे खण जमिनीवर पालथे केले. त्यातून त्याचा गेल्या वर्षी हरवलेला चष्मा निघाला, तीन लग्नपत्रिका निघाल्या, आणि विजयसिंह नावाच्या अशिलाचं रेशनकार्ड निघालं. त्या बिचाऱ्याने दोन वर्षांपूर्वीच खेटे घालून नवीन काढलं होतं. आक्काताईंचे कागद काही निघाले नाहीत.

शेवटी त्याने घरी बायकोला फोन लावला. दोन्ही हातांत फायली होत्या म्हणून फोन स्पीकरवर टाकला, आणि ती त्याची आणखी एक चूक झाली.

"कालिंदी, घरी एखादं पाकीट आहे का? कागदांचं?"

"आहे की, फ्रिजवर. तुमच्या स्वतःच्या रिटर्नच्या कागदांचं. मे महिन्यापासून सांगतेय, घेऊन जा. आता त्याच्यावर मी कोथिंबीर निवडते."

मनालीने छताकडे पाहिलं. आक्काताईंनी फोनकडे पाहिलं. तोवर खालून हंबीरराव आणि दळणाच्या दोन बायका वर येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. 'माझ्या हातून हरवलं' हे तीन शब्द म्हटले असते तर तिथेच सगळं मिटलं असतं. पण दारात माणसं होती, आणि तीन वर्षं फळ्यावर दुसऱ्यांची नावं लिहिलेल्या माणसाला ते तीन शब्द फार जड गेले.

"बाई, तुम्ही द्यायचं मनात आणलं असेल," तो म्हणाला, "पण या वयात होतं असं. दिल्यासारखं वाटतं. आमच्या आईचंही होतं."

मनालीने मान खाली घातली. आक्काताईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"असंल," त्या म्हणाल्या. "वय झालंय खरं."

त्या वळल्या आणि कठडा धरून जिना उतरू लागल्या. एरवी त्या कठडा धरत नसत. नृसिंहला स्वतःची लाज वाटली, अगदी आतून वाटली. निदान रिक्षापर्यंत सोडावं म्हणून तो मागोमाग धावला, दारातली माणसंही त्याच्यामागे उतरली, आणि शेवटच्या पायरीवर त्याला ते दिसलं.

फळ्याच्या स्टँडचा डावा पाय आखूड होता. त्या पायाखाली एक जाड खाकी पाकीट चार घड्या घालून सरकवलेलं होतं, आणि त्याच्या बाहेर आलेल्या कोपऱ्यावर लाल शाईतलं वळणदार 'आ' होतं. नृसिंहला सगळं लख्ख आठवलं. बुधवार, डुगडुगणारा फळा, बाईंनी हातात दिलेलं पाकीट, त्याच वेळी वाजलेला फोन. फोनवर बोलता बोलता त्याने हातात होतं ते दुमडलं होतं आणि पायाखाली सारलं होतं. फळा हलायचा थांबला, म्हणून तो खूशही झाला होता. 'कागद न आलेले' ही पाटी तीन आठवडे बाईंच्याच कागदांवर उभी होती.

इथे तरी त्याने तोंड उघडायचं. पण माणसाची अब्रू जायला लागली की त्याचे हातपाय त्याला विचारत नाहीत. त्याचा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि त्या लाल 'आ'वर जाऊन बसला.

"नृसिंह," आक्काताई म्हणाल्या, "पाय बाजूला घे."

"बाई, पाऊस येईलसं वाटतंय, मी रिक्षा..."

"पाय."

त्याने पाय घेतला. आक्काताई वाकल्या आणि पाकीट ओढलं. फळा डावीकडे कलला आणि हंबीररावांच्या ताज्या ज्वारीच्या पिठाच्या डब्यावर जाऊन आडवा झाला. पीठ उडालं. सगळ्यांच्या डोक्यांवर बसलं, पण हसलं कुणी नाही. आक्काताईंनी पाकिटाच्या घड्या उलगडल्या आणि वरचं मोठ्याने वाचलं. "आक्काताई धनवडे. एकूण कागद सात. पोच द्यावी."

त्या दोन थपडा देतील तर बरं, असं चव्वेचाळीस वर्षांच्या नृसिंहला मनापासून वाटलं. त्यांनी फळा उचलून भिंतीला टेकवला आणि पिठात पडलेला खडू उचलून पदराने पुसला.

"वर्गात फळ्यावर नावं कोण लिहीत होतं?"

"मॉनिटर," नृसिंह पुटपुटला.

"आन् लिहायच्या आधी मॉनिटर काय करत होता?"

तोच तो अर्धा भाग. "आधी स्वतःची वही दाखवायचा."

"दाखव."

वही फ्रिजवर होती, कोथिंबिरीखाली. हे आता गिरणीतल्या दोन बायकांसकट सगळ्यांना माहीत होतं. आक्काताईंनी डस्टरने आपलं नाव पुसलं आणि खडू त्याच्या हातात दिला. नृसिंहने त्याच जागी, त्याच सुरेख अक्षरात, आपलं नाव लिहिलं. अक्षर इतकं सुरेख नसतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी हंबीररावांनी फळा वाचला तो रोजच्यापेक्षा दुप्पट उत्साहाने. नृसिंहला वाटलं, आता गिऱ्हाईकं तुटणार. गिऱ्हाईकं आली, पण सांत्वनाला. एकाने विचारलं, "सर, काय काय कागद लागत्यात? आम्ही देतो की गोळा करून." दुसरा जिन्यातूनच ओरडला, "आमचा पावणा हाय जयसिंगपूरला, टॅक्सचंच बघतोय. तुमचं बी भरून दील, लाजू नका." एका म्हातारीने कोथिंबिरीची जुडी आणून दिली, ती का, हे त्याने विचारलं नाही. प्रत्येकाने येताना आपापले कागदही आणले, कारण सरांच्या नावाशेजारी आपलं नाव आता कुणालाच नको होतं. शुक्रवारपर्यंत फळ्यावर एकच नाव उरलं.

शनिवारी आक्काताई आल्या. बोलावलं कुणी नव्हतं. नृसिंहने स्वतःच्या भरलेल्या रिटर्नची प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि हात मागे बांधून उभा राहिला. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि ओळ न् ओळ तपासली. खाली गिरणी धडधडत होती.

"बचत खात्याचं व्याज कुठं हाय?"

नृसिंहने पाहिलं. व्याज नव्हतं. लोकांना तो हीच गोष्ट वर्षातून शंभर वेळा विचारायचा. "विसरलो, बाई. मुदत आहे अजून, दुरुस्त करून पुन्हा भरतो."

"आत्ता भर. मी बसते."

त्याने मान घालून ते केलं. नवी प्रत काढली, त्यांच्यापुढे ठेवली, आणि चार दिवस घशात अडकलेलं एकदाचं बाहेर काढलं. "बाई, पाकीट माझ्या हातून हरवलं. आणि त्या दिवशी मी तुम्हाला वयाचं बोललो. ते पाकिटापेक्षा वाईट होतं. मला झोप नाही त्याने."

आक्काताई प्रतीवर लाल बरोबरची खूण करत होत्या. "कधी बोललास? मला न्हाय बाबा ऐकू आलं. वय झालंय न्हवं."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात खाली गिरणीच्या घरघरीत हंबीरराव आपल्या परीने अगदी हळू, कुणाच्या तरी कानाला लागले. "बाई वर हायत. आज सरांचं काय खरं न्हाय."

आक्काताईंनी मान वर केली. "हंबीरराव," त्यांनी बसल्या जागेवरून हाक दिली, "तुमचे कागद आले काय?"

खाली गिरणी बंद झाली.

"न्हाय आले, बाई," मनाली घाईघाईने म्हणाली. "कधीच येत न्हाईत."

आक्काताईंनी पिशवीतून खडू काढला. तो त्यांनी घरूनच आणला होता. "जा," त्या नृसिंहला म्हणाल्या, "तुझं पूस. आन् त्या जागी काय लिहायचं ते तुला ठावं हाय."

नृसिंह जिना उतरला, आपलं नाव पुसलं आणि हंबीररावांच्या डोळ्यांदेखत त्यांचं लिहिलं. हंबीररावांनी ते नीट, अक्षर न् अक्षर, मनातल्या मनात वाचलं. त्या दिवशी फळा कुणी मोठ्याने वाचला नाही.