खोलीबाहेरची मंडळी

डिझाइनरने आठ आजारांच्या आठ खोल्या बांधल्या. विटांच्या नव्हेत, फोनमधल्या गप्पांच्या. मधुमेहाची निळी, सांध्यांची हिरवी, हृदयाची अर्थातच लाल. एकाच वेळी दोन-तीन जुनाट दुखणी सांभाळणाऱ्या माणसांनी इथे यावं, बोलावं, एकमेकांना धीर द्यावा. आज चाचणी होती. संध्याकाळपर्यंत खोल्या गजबजल्या नाहीत, तर साहेब काम गुंडाळणार होते.

दाराशी तिने एक प्रोग्राम पहाऱ्याला बसवला होता. एकच माणूस दोन खोल्यांत दिसला, की तो भामटा. बाहेर!

शिंपीणकाकू आल्या. मधुमेहात डोकावल्या, मग सांध्यांत.

बाहेर.

"अगं पोरी, मला हाकललं की गं!" काकूंचा फोन.

"काकू, एकच खोली घ्या ना. तुमचा मुख्य आजार कोणता?"

"ते रोज सकाळी उठल्यावर कळतं."

ड्रायव्हरकाका. हृदय, मूत्रपिंड. बाहेर.

मास्तरीणबाई. दमा, थायरॉइड, संधिवात. बाहेर. वर्गाबाहेर उभं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ.

दुपारपर्यंत सगळे बाहेर. आत उरली एकटी डिझाइनर, ठणठणीत.

पहारा उठवायला वेळ लागणार होता. तोवर तक्रारपेटी भरून वाहायला लागली. प्रत्येकाला वेगळं उत्तर कुठे देत बसणार? तिने घाईघाईत सगळ्यांना तक्रारपेटीतच एकत्र जोडलं आणि एकच माफी पाठवली. झालं! आता प्रत्येकाला प्रत्येकाचं लिहिलेलं दिसू लागलं.

काकू: साखर म्हणते चाल, गुडघा म्हणतो बस. काय करता हो तुम्ही?

मास्तरीणबाई: डॉक्टरांना विचारून खुर्चीतच व्यायाम करते. दम लागला की स्वतःला मधली सुट्टी देते.

काका: माझ्या दोन डॉक्टरांचं पाण्यावरून जुळत नाही. एक म्हणतो भरपूर प्या, दुसरा म्हणतो मोजून प्या.

काकू: कोंडा दोघांना एका खोलीत. बाहेरून कडी!

काका: तेच केलं. दोघांना एकाच फोनवर घेतलं. लगेच मिटलं!

डिझाइनर वाचतच राहिली. कण्हता कण्हता टिंगल करणारी ही माणसं! एकाचं रडगाणं संपायच्या आत दुसऱ्याने खुर्ची पुढे सरकवलेली. हे तिला कुठल्याच रंगात रंगवता आलं नसतं.

मागे साहेब येऊन उभे राहिले.

"खोल्या रिकाम्या दिसतायत."

"हो, सर." तिने एकदाचा पहारा उठवला आणि लिहिलं, "दारं उघडली. आत या सगळे."

काकू: आत कोण आहे?

"सध्या मी एकटीच."

काकू: मग आम्ही तिकडे येऊन काय करू? तूच ये बाहेर.

डिझाइनरने मान खाली घातली. आता साहेब काय ते बोलणार.

साहेबांनी शेजारची खुर्ची ओढली, एक हात स्वतःच्या पाठीवर ठेवून सावकाश बसले.

"त्यांना विचार," ते हळूच म्हणाले, "बीपी आणि पाठ, दोन्ही असलेला माणूस चालेल का?"