थराला विश्रांती

निवृत्त तपासनिसांच्या घराच्या माळ्यावर उष्णतारोधक थर बसवण्यात आला, तेव्हा त्यामागचा हेतू एकच होता: त्यांच्या आईला थंडी वाजू नये. आई ब्याऐंशी वर्षांची, आणि तिची खोली थेट माळ्याखाली. हिवाळ्यात तिथे हीटर लावला की सगळी ऊब छतातून निघून जाई आणि आई दोन स्वेटर, शाल व कानटोपी अशा पूर्ण गणवेशात झोपे. मिस्त्रीने माळ्यावर काचलोकरीच्या जाड गाद्या अंथरल्या आणि त्याच संध्याकाळी आईने कानटोपी काढून ठेवली. एवढ्याशा गोष्टीने घरातले सगळेच हरखून गेले.

इथे हे प्रकरण निकाली निघायला हरकत नव्हती. पण तपासनिसांनी चौतीस वर्षे सरकारी गोदामे तपासली होती, आणि एखादी गोष्ट नीट चालली आहे एवढ्या कारणावरून तिला मोकळे सोडणे त्यांच्या रक्तातच नव्हते. त्यांनी निघालेल्या मिस्त्रीला दारात गाठले आणि हा थर टिकावा म्हणून काय काय करावे लागेल, ते विचारले.

"विशेष काही नाही, साहेब," मिस्त्री म्हणाला. "कोरडा ठेवा, त्यावर सामान रचू नका, दाबू नका. वर्षातून एकदा डोकावून बघा. तुमच्याआमच्यापेक्षा जास्त टिकेल."

तपासनिसांनी हे लेखी मागितले. मिस्त्रीकडे लेखी असे काही नव्हते, तेव्हा ते काम त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतले. आठवडाभरात 'उष्णतारोधक थर: जतन व देखभाल पुस्तिका' तयार झाली. कलमे सत्तेचाळीस, परिशिष्टे तीन. 'वर्षातून एकदा' हा शब्दप्रयोग त्यांना ढिसाळ वाटला, म्हणून तिथे 'दररोज सकाळी दहा वाजता' अशी सुधारणा केली.

माळ्यावर जाण्याची झडप आईच्या पलंगाच्या बरोबर वर होती. शिडीला जागा हवी, म्हणून पलंग खिडकीखाली सरकवण्यात आला. रोज दहाला झडप उघडायची, तपासनिसांनी विजेरी आणि नोंदवही घेऊन वर जायचे, गुडघ्यांवर रांगत कोपरान् कोपरा बघायचा आणि अकराला खाली यायचे. तेवढा वेळ झडप उघडी राही आणि खोलीतली ऊब तपासनिसांच्या मागोमाग वर जाई. आई खिडकीखाली शाल गुंडाळून बसे. निरीक्षणकालात लाभार्थीने सहकार्य करावे, असे कलम नऊमध्ये स्पष्ट म्हटले होते.

पुढे कलम बारा लागू झाले. थराला ओलावा बाधतो. आई सर्दीसाठी रोज वाफारा घेई, तो बंद झाला. गरम पाण्याची पिशवी झाकण घट्ट असल्याची खात्री पटल्यावरच खोलीत येऊ लागली. श्वासातूनही बाष्प जाते हे तपासनिसांना ठाऊक होते, पण त्या बाबतीत त्यांनी मन मोठे केले. इतके करूनही त्यांना चैन पडेना. थर ते तळहाताच्या फोडासारखा जपत होते, तरी तो रोज काम करत होता, आणि काम करणारी वस्तू झिजते हा त्यांचा नोकरीतला अनुभव होता. थराचे काम उष्णता अडवण्याचे. उष्णता जास्त तर काम जास्त, काम जास्त तर झीज जास्त. म्हणून त्यांनी थराला विश्रांती द्यायचे ठरवले. हीटर आधी दिवसाआड झाला, मग आठवड्यातून दोनदा, मग फक्त अर्ज केल्यावर. कानटोपी परत आली, तिसरा स्वेटरही आला. खोलीत ऊबच नसल्यामुळे बाहेर जाणारी ऊब शून्यावर आली आणि वहीत नोंद झाली: कार्यक्षमता शंभर टक्के.

"अहो, आईंना खोकला झालाय," बायको म्हणाली. तपासनिसांनी खोकल्याने छताला हादरे बसतात का, हे तपासून बघितले. बसत नव्हते. त्यांनी तसे तिला कळवले.

तिसऱ्या महिन्यात एक गंभीर बाब उघडकीस आली. झडपेपासून निघून सर्व कोपऱ्यांपर्यंत थर पार चेपला गेला होता. कोणीतरी त्यावरून वारंवार फिरत होते. तपासनिसांनी अज्ञात इसमाविरुद्ध चौकशी सुरू केली, खुणांची मापे घेतली, आणि ती त्यांच्याच गुडघ्यांशी तंतोतंत जुळली. नियम सर्वांना सारखा. त्यांनी स्वतःला कारणे दाखवा नोटीस दिली, मुदतीत उत्तर लिहिले, आणि ते असमाधानकारक ठरवले. सुनावणी जेवणाच्या टेबलावर झाली. शेवटी स्वतःला सक्त ताकीद देऊन त्यांनी प्रकरण मिटवले आणि आणखी कोणाचा हात आहे का हे बघण्यासाठी निरीक्षण दिवसातून दोनदा केले. कधीकधी शिडीवर असताना त्यांना स्वतःचेच हसू येई. आपण काय चालवले आहे, असेही वाटून जाई. पण वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

एके दिवशी आईने त्यांना शेजारी बसवले.

"बाळा, ती गादी वर घातलीस ती कुणासाठी रे?"

"तुझ्यासाठीच की. म्हणून तर एवढी टिकवतोय."

"किती वर्षं टिकेल?"

"नीट सांभाळली तर पन्नास."

आईने मान हलवली. आपले वय तिने काढले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई, म्हणजे तपासनिसांची थोरली बहीण, गाडी घेऊन आली. दहा वाजले होते. तपासनीस कमरेपर्यंत माळ्यात होते आणि उरलेले शिडीवर. बॅग भरून झाल्यावर आईने खालूनच "येते रे" म्हटले. वर विजेरीच्या उजेडात एक संशयास्पद धागा सापडला होता, त्यामुळे "हं" एवढेच उत्तर आले. आईने मुलाच्या पायांना हात लावला, जरा वेळ तसाच ठेवला आणि ती गेली. अकरा वाजता तपासनीस खाली आले तेव्हा पलंगावर चादर घडी करून ठेवलेली होती.

त्या आठवड्यात बाष्पाचे प्रमाण लक्षणीय घटले. तपासनिसांनी ती नोंद केली आणि त्यांना ती वही बघवेना. त्यांनी मिस्त्रीला बोलावले. निदान कोणीतरी शाबासकी द्यावी, एवढीच अपेक्षा होती. मिस्त्री वर गेला आणि पाच मिनिटांत उतरला.

"थर उत्तम आहे, साहेब. म्हणजे तुम्ही जिथे पोचला नाहीत, तिथे." मग त्याने रिकाम्या पलंगाकडे बघितले. "आजी कुठे दिसत नाहीत?"

तपासनिसांनी झडप बंद केली आणि ते तडक ताईकडे गेले. ताईच्या घराला थर नव्हता. खिडक्यांच्या फटींत जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबल्या होत्या, हीटर लाल होऊन धगधगत होता आणि आईच्या पलंगावर ताईची दोन नातवंडे पाय पसरून पत्ते खेळत होती. आई डोक्यावर टॉवेल घेऊन वाफारा घेत होती. छताला ओल आली होती. तपासनीस ती ओल बघत राहिले आणि त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. आईने टॉवेलमधून डोके बाहेर काढून नेमके तेवढे बघितले.

"आई, घरी चल. मी चुकलो," ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

"चुकलास रे, पण वाईट नाहीस," आई म्हणाली. "तू घर छान सांभाळतोस. मला आपलं वापरातलं घर बरं वाटतं. अधूनमधून येत जा, वही न घेता." आणि तिने टॉवेल पुन्हा डोक्यावर घेतला.

ही हकीकत शेजारीपाजारी पसरली. सगळे भेटायला येऊन हळहळले, आणि जाताना बहुतेकांनी पुस्तिकेची एकेक प्रत मागून नेली. सांगणाऱ्याकडेही एक आहे. सांगणाऱ्याच्या दारात असे सुंदर पायपुसणे आहे की त्याला पाय पुसायची कोणालाही परवानगी नाही. तेव्हा तपासनिसांना हसणाऱ्यांनी जरा उठून आपल्या घरात एक फेरी मारावी. सोफ्यावरचे प्लास्टिक अजून तसेच आहे का, कपाटातला चांगला कपबशांचा संच अजून अखंड आहे का, ते बघून घ्यावे. अखंड असला, तर त्यातून चहा प्यायला जी माणसे यायची होती ती हल्ली कुठे राहतात, हे कोणाला तरी फोन करून विचारावे.