मांडी मोडणारे डॉक्टर

माझ्या मेहुणीच्या मुलाच्या मुंजीत डॉ. सबनीसांनी माझ्या सासऱ्यांना भरल्या पानावरून उठवलं. सासऱ्यांचा पहिला घास हातात होता आणि हे पंगतीच्या टोकापासून ओरडत आले, "अहो, मांडी मोडा! आधी मांडी मोडा!" सासऱ्यांना वाटलं, पाटाखाली विंचू निघाला. त्यांना उभं करायला दोन माणसं लागली. डॉक्टर सगळ्या मांडवाला उद्देशून म्हणाले, "बघितलंत? हे गुडघे आहेत की गंजलेल्या बिजागऱ्या?" डॉक्टर माझे शेजारी, आमंत्रण मी दिलेलं. सासरे पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलत नव्हते.

अंबरनाथ पूर्वेला आमच्या वरच्या मजल्यावर ते एकटेच राहत. परदेशात जाऊन सांधे बदलण्याची शस्त्रक्रिया शिकून आलेले. मुंबईत नाव काढलं असतं. पण "तिथे गुडघे कमी आणि डॉक्टर जास्त" म्हणून त्यांनी स्टेशनजवळ छोटंसं हॉस्पिटल टाकलं. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. गुडघा बदलता येतो, हेच तेव्हा लोकांना पटत नसे. मोडलेले हात घेऊन यायचे, प्लास्टर घालून जायचे.

एकदा नकली मालासाठी गाजलेल्या उल्हासनगरच्या कॅम्प एकमधले एक कापडवाले शेठ चौकशीला आले. गुडघ्याचा नमुना हातात घेऊन, उलटासुलटा करून म्हणाले, "डॉक्टरसाब, माल किधर का है? अपने कॅम्प का तो नहीं ना?"

"बाहेरचा आहे."

"गॅरंटी?"

"तुमच्यापेक्षा जास्त टिकेल."

शेठ गेले ते परत आले नाहीत. यात काय चुकलं, हे डॉक्टरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

रोगी दुखणं सांगू लागला की ते म्हणत, "तुम्ही थांबा, आधी गुडघ्याला बोलू द्या." मग गुडघ्यावर तळवा ठेवून, डोळे मिटून पाय हळूहळू वाकवायचे. आतून करकर जाणवली की चेहरा असा खुलायचा की रोग्याला रागच यावा.

आमच्या कारखान्यात काशिनाथ नावाचा फिटर होता, बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरचा. त्याच्या आईचे, हिराबाईंचे दोन्ही गुडघे गेले होते. घरात बसल्या बसल्या सरकायच्या, अंगणात यायचं सोडलं होतं. खर्च कारखान्याच्या योजनेतून होणार होता, पण म्हातारी तयार होईना. शेवटी मी डॉक्टरांना स्कूटरवर मागे बसवून तिच्याकडे नेलं.

डॉक्टरांनी सगळं समजावलं. नवा गुडघा, दुखणं बंद, चालणं सुरू. फक्त मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही.

हिराबाई म्हणाल्या, "चुलीपुढं बसाचा नाय, तं रांधाचा कसा?"

डॉक्टर उठून चुलीपाशी उकिडवे बसले. काशिनाथ म्हणाला, "आये, सून रांधील ना." तशी म्हातारी उसळली, "मंग मना कशाला ठेवता? माझी चूल मीच पेटवनार."

पुढच्या रविवारी डॉक्टर टेप घेऊन माझ्या दारात. आम्ही पुन्हा पाड्यावर. भिंतीला धरून हिराबाईंना उभं केलं, कोपरापासून जमिनीपर्यंत माप घेतलं आणि काशिनाथला विटा आणि माती आणायला सांगितली. तो म्हणाला, "साहेब, मी बांधतो." डॉक्टर ऐकतात कसले! पँट दुमडून स्वतः चिखल कालवला, ओटा रचला, वर चूल मांडली. ओटा एका अंगाला कलला. ठेवलेलं पातेलं घसरत घसरत काशिनाथच्या पायावर. दारात जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"हाड असतं तर सरळ बसलं असतं," डॉक्टर म्हणाले आणि ओटा पाडून पुन्हा बांधायला लागले. दुसऱ्यांदा पातेलं जागेवर राहिलं. मग एका जुन्या लाकडी खुर्चीचं बूड कापून संडासाचीही सोय केली. तोवर कपाळापासून ढोपरापर्यंत चिखलाने माखले होते.

हिराबाई भिंतीला टेकून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "डागदर, येवढा चिखल केलास, आता काप माझं पाय."

आधी एक गुडघा, काही महिन्यांनी दुसरा. व्यायामाच्या वेळी हिराबाईंनी डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. डॉक्टर तो मान डोलावत ऐकायचे आणि म्हणायचे, "अजून थोडं वाकवा, मग पुढची शिवी."

भाताची कापणी झाल्यावर हिराबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. वाटेवर सामोऱ्या आल्या त्या स्वतःच्या पायांनी, हातात नुसती काठी. मग घरात ओट्यापाशी उभ्या राहून भाकऱ्या थापू लागल्या. आम्हा दोघांना खुर्च्या दिल्या होत्या. डॉक्टर इतके खूश की ताटापेक्षा हिराबाईंच्या पायांकडेच बघत होते.

तव्यावरची भाकरी उलटता उलटता हिराबाईंनी विचारलं, "तुझे घरी कोन रांधतं?"

"डबा येतो."

"आन वाढतं कोन?"

डॉक्टरांनी भाकरीचा तुकडा मोडला. एवढी वर्षं शेजारी राहून हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. हिराबाईंनी गरम भाकरी त्यांच्या ताटात टाकली. "आयतवारी येत जा. मी हाय ना हुबी."

पुढच्या रविवारी माझ्याकडे पाहुणे यायचे होते. आज पाड्यावर न्यायला जमणार नाही, हे सांगायला सकाळीच वर गेलो, तर दाराला कुलूप. खाली दूधवाला म्हणाला, "डॉक्टर ना? ते पहिल्या एसटीने गेले. इस्त्रीचा शर्ट घालून."